लोजबानचं व्याकरण: आधी जागा, मग शब्द

लोजबान या मुद्दाम रचलेल्या भाषेचं व्याकरण शिकायला बसाल तेव्हा नाम, विशेषण, क्रियापद ही शाळेतली वर्गवारी थोडा वेळ बाजूला ठेवा. त्या भाषेत 'कुत्रा', 'सुंदर', 'जाणे' आणि 'मोठा' हे चारही शब्द एकाच जातीचे आहेत. एवढं पटलं की पुढची वाट बरीच मोकळी होते.

मी पुस्तकांची प्रुफं तपासते. कर्ता कुठला, कर्म कुठलं, हे विशेषण नेमकं कुणाला लागतंय, हे शोधण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे कुठल्याही वाक्याची रचना दोन प्रकारे लावताच येत नाही अशी एक भाषा आहे म्हटल्यावर मी तिच्याकडे ओढली गेले, ती अजून तिथेच आहे. तिचे बहुतेक पाठ इंग्रजी वाचकाला समोर ठेवून लिहिलेले आहेत. इंग्रजीवाल्यांना जे अवघड जातं ते आपल्याला बऱ्याचदा सहज जमतं, आणि आपण जिथे अडतो ती जागा त्या पाठांत नसतेच. म्हणून हे मराठीतून विचार करणाऱ्या माणसासाठी.

पार्श्वभूमी थोडक्यात. जेम्स कुक ब्राउन यांनी 1955 मध्ये लोगलान ही भाषा रचायला घेतली. भाषेमुळे माणसाच्या विचाराला वळण लागतं का, हे तपासायला त्यांना तर्कशास्त्राच्या पायावर उभी केलेली भाषा हवी होती. 1960 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तिच्यावरचा त्यांचा लेख छापून आला. पुढे हक्कांवरून मतभेद झाले, 1987 मध्ये लॉजिकल लँग्वेज ग्रुप ही वेगळी संस्था निघाली आणि तिने शब्दसंग्रह मुळापासून नव्याने बांधला. तीच लोजबान. तिचे मूळ शब्द 1300 हून जास्त आहेत. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी या सहा भाषांतले ध्वनी संगणकाच्या मदतीने एकत्र करून ते घडवले. हिंदी त्यात असल्याचा फायदा आपल्याला मिळतो: 'प्रामि' म्हणजे प्रेम करणं आणि 'माम्ता' म्हणजे आई, हे पाठ करावं लागत नाही. जॉन काउअन यांचा संपूर्ण व्याकरणग्रंथ 1997 मध्ये आला आणि तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. शंका आली की उघडायला तो उत्तम आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका.

उच्चार

लोजबान रोमन लिपीत लिहितात. इंग्रजीतली 'एच', 'क्यू' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरं तिथे नाहीत. उरलेल्या 23 पैकी पाचांकडे लक्ष द्या. 'सी' म्हणजे श. 'जे' म्हणजे श म्हणताना कंठातून आवाज काढला की जो ध्वनी येतो तो. मी तो झ़ असा लिहिते. 'झेड' म्हणजे तसंच स चं केलेलं रूप, ज़. 'एक्स' म्हणजे घशात घासून येणारा ख़. आणि 'वाय' म्हणजे आपला साधा अ. शब्दाच्या मध्ये अपॉस्ट्रॉफी दिसली तर तिथे ह म्हणायचा. स्वर आ, ए, इ, ओ, उ असे स्वच्छ आहेत, इंग्रजीसारखा 'ए' हे अक्षर कधी आ तर कधी ॲ असला प्रकार नाही.

ऱ्हस्व-दीर्घ हा भेद लोजबानमध्ये नाही, म्हणून मी खाली सगळीकडे ऱ्हस्वच लिहिलं आहे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा आपला नियम इथे लावला असता तर नसलेला फरक डोळ्यांना दिसला असता.

आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: 'क्लामा' म्हणताना जोर 'क्ला'वर. मराठीत आघाताने शब्द बदलत नाही, त्यामुळे आपलं त्याच्याकडे लक्ष नसतं. इथे मात्र तो पाळा. शब्द कुठे संपला हे ऐकणाऱ्याला त्याच्यावरूनच कळतं.

शब्दाच्या आकारावरूनही त्याची जात कळते. व्यंजनावर संपला तर ते नाव. स्वरावर संपला आणि सुरुवातीच्या भागात व्यंजनांची जोडी असली, तर तो आशयाचा शब्द. आखूड आणि व्यंजनांची जोडी नसलेला असला, तर व्याकरणाचं काम करणारा शब्द. त्याला 'श्मावो' म्हणतात. एकही शब्द ओळखीचा नसलेलं वाक्य समोर आलं तरी त्याचा सांगाडा दिसू लागतो, आणि पहिल्या आठवड्यात याच्याइतका धीर देणारं दुसरं काही नाही.

जागांचं व्याकरण

वाक्याला म्हणायचं 'ब्रिदि'. त्याच्या मध्यभागी एक संबंध सांगणारा शब्द असतो, तो 'सेल्ब्रि'. त्या संबंधात जे कोणी किंवा जे काही गुंतलेलं असतं ते 'सुम्ति'. बस, सगळी इमारत या तिघांवर आहे.

प्रत्येक सेल्ब्रिभोवती ठरावीक जागा असतात आणि त्यांचा क्रम पक्का असतो. 'क्लामा' हा शब्द 'जाणे' असा पाठ करू नका. तो असा लिहा:

क्लामा: 1 जातो किंवा येतो, 2 कडे, 3 हून, 4 मार्गे, 5 या साधनाने.

मी वहीत शब्दापुढे चौकटी काढते. 'क्लामा'ला पाच. 'दुन्दा'ला तीन: 1 देतो, 2 ही वस्तू, 3 ला. 'ताव्ला'ला चार: 1 बोलतो, 2 शी, 3 विषयी, 4 या भाषेत. 'नेल्शि'ला दोन: 1 ला आवडतं, 2 हे. अर्थ डाव्या बाजूला आणि चौकटी उजव्या, आणि चौकटी काढल्याशिवाय शब्द वहीत घ्यायचा नाही. नवशिक्यांना मी एवढी एकच सक्त सूचना देईन. शब्दाचा अर्थ पाठ आहे पण जागा पाठ नाहीत, अशा माणसाला लोजबान वाचता येत नाही.

आता वाक्य करू. 'मि' म्हणजे मी, 'दो' म्हणजे तू, तुम्ही, आपण, सगळंच. 'लो' हा शब्द सेल्ब्रिला सुम्ति करतो: 'ज़्दानि' म्हणजे 'घर असणे', 'लो ज़्दानि' म्हणजे 'जे घर आहे ते', म्हणजे घर.

मि क्लामा लो ज़्दानि लो श्कुले.
मी शाळेतून घरी जाते.

'श्कुले' म्हणजे शाळा. '-तून' साठी वाक्यात काही नाही, '-ई' साठीही नाही. शाळा तिसऱ्या जागी बसली म्हणूनच ती 'शाळेतून' झाली. दोन्ही सुम्तिंची अदलाबदल केली की मी घरून शाळेत जाऊ लागते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, म्हणून आपण शब्द कुठेही फिरवू शकतो. 'मुलीने पुस्तक त्याला दिलं' आणि 'त्याला पुस्तक मुलीने दिलं' यांत भर बदलतो, कुणी कुणाला दिलं ते बदलत नाही. लोजबानमध्ये प्रत्ययाचं काम जागा करते.

एक चांगली बातमीही आहे. सेल्ब्रि मधेच यायला हवा असं नाही. 'मि ताव्ला दो' आणि 'मि दो ताव्ला' या दोन्हींचा अर्थ 'मी तुझ्याशी बोलते' असाच. दुसरी रचना मराठी जिभेला लगेच बसते, आणि ती पूर्णपणे शुद्ध आहे. सेल्ब्रिच्या आधी मात्र किमान एक सुम्ति ठेवा. 'क्लामा लो ज़्दानि' असं थेट सेल्ब्रिने सुरू केलंत तर पहिली जागा मोकळी सुटते आणि अर्थ 'कोणीतरी घरी जातंय' असा होतो.

आपण मराठी माणसं खरी अडतो ती वेगळ्याच ठिकाणी. 'मला पुस्तक आवडतं' या वाक्यात व्याकरणाने कर्ता पुस्तक आहे, क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. 'मला कुत्रा दिसतो', 'मला ते माहीत आहे', 'मला भीती वाटते' यांचंही तेच. ज्याला काही वाटतं, दिसतं, कळतं, त्याला मराठी '-ला' लावून बाजूला बसवते. त्यामुळे लोजबान लिहिताना हात आपोआप पुस्तक पहिल्या जागी ठेवू पाहतो. तिथे थांबा आणि चौकट पाहा. 'नेल्शि'ची पहिली जागा आवडणाऱ्या माणसाची आहे:

मि नेल्शि लो शुक्ता.
मला पुस्तक आवडतं.

'विस्का'चंही तसंच: 1 पाहतो, 2 ला. 'मि विस्का लो गेर्कु' म्हणजे मला कुत्रा दिसतो. '-ला' पाहून दुसरी किंवा तिसरी जागा ठरवायची सवय मोडायला वेळ लागतो. '-ला' कधी घेणाऱ्याला लागतो, कधी दिसलेल्याला, कधी पाहणाऱ्याला. लोजबान यांतल्या कशाकडेच पाहत नाही, तिला फक्त सेल्ब्रिची चौकट दिसते. रोजच्या बोलण्यातली 'मला'ने सुरू होणारी वाक्यं घ्या आणि एकेक लोजबानमध्ये उतरवा. मराठी माणसासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही.

मधली जागा रिकामी ठेवायची असेल तर तिथे 'ज़ोहे' घाला. त्याचा अर्थ 'काहीतरी, सांगायची गरज नाही'. किंवा थेट जागेचा क्रमांक सांगा. 'फा, फे, फि, फो, फु' हे शब्द अनुक्रमे पहिली ते पाचवी जागा दाखवतात. 'मि क्लामा फु लो कार्शे' म्हणजे मी कारने जाते. मधल्या तीन जागांना हातही लावला नाही. यांना विभक्तीचे भाऊबंद म्हणता येईल, फक्त ते शब्दाच्या पुढ्यात उभे राहतात आणि त्यांचा अर्थ सेल्ब्रिप्रमाणे बदलतो.

'शु' आणि 'लो'

'लो प्रेनु ताव्ला' असं लिहिलंत तर वाक्य होत नाही. दोन सेल्ब्रि शेजारी आले की ते जोडले जातात, आणि याचा अर्थ 'माणूस-बोलणारा' असा एकच सुम्ति होतो. 'माणूस बोलतो' म्हणायचं तर मध्ये 'शु' हवा: 'लो प्रेनु शु ताव्ला'. इथून पुढे मुख्य सेल्ब्रि आहे, एवढंच 'शु' सांगतो. 'मि' किंवा 'दो' नंतर तो लागत नाही, कारण ते कशाला जोडले जाण्याचा धोका नसतो. पुढे काळाचा शब्द आला तरी लागत नाही.

जुन्या पाठांत 'लो'ऐवजी 'ले' खूप दिसेल, आणि 1997 च्या ग्रंथात 'लो'ची व्याख्याही जरा वेगळी होती. ती नंतर सुधारली. आज 'लो' सर्वसाधारण, आणि 'ले' म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात असलेली विशिष्ट वस्तू. शंका असेल तिथे 'लो' वापरा. नावापुढे 'ला' येतो: 'ला लोझ़बान'. नाव व्यंजनावर संपायला हवं, म्हणून 'मीरा'चं 'मिरास' किंवा 'मिरान' करतात. स्वतःची ओळख करून देताना 'मिहे ला मिरास'.

'लो'मध्ये लिंग नाही आणि वचनही नाही. 'लो गेर्कु' म्हणजे कुत्रा, कुत्री, कुत्रे. संख्या सांगायचीच असेल तर 'लो शि गेर्कु', तीन कुत्रे.

जागांची अदलाबदल

'से' हा शब्द सेल्ब्रिच्या पहिल्या आणि दुसऱ्या जागेची अदलाबदल करतो. 'ते' पहिली-तिसरी, 'वे' पहिली-चौथी, 'ख़े' पहिली-पाचवी. ऐकायला ही यांत्रिक गोष्ट वाटते, पण 'लो' नेहमी पहिल्या जागेवरचा काढून देतो, म्हणून या चार छोट्या शब्दांतून एकेका मुळाचे कितीतरी शब्द मिळतात. 'लो दुन्दा' देणारा. 'लो से दुन्दा' दिलेली वस्तू. 'लो ते दुन्दा' घेणारा. 'लो क्लामा' जाणारा, 'लो से क्लामा' मुक्काम, 'लो ते क्लामा' निघालो ते ठिकाण, 'लो वे क्लामा' रस्ता, 'लो ख़े क्लामा' वाहन. एक शब्द शिकलात आणि पाच मिळाले. चौकटी पाठ असल्या तरच हे मिळतं, म्हणून त्यांचा एवढा आग्रह.

'माझ्याशी बोलणारा' असं म्हणायचं असेल तर 'लो ताव्ला बे मि'. हा 'बे' विसरू नका. 'लो ताव्ला मि' लिहिलंत तर 'मि' त्या शब्दाला बांधला जात नाही. तो वाक्यातला स्वतंत्र सुम्ति होतो.

प्रश्न आणि आज्ञा

मराठीत 'का' शेवटी येतो, इथे 'ख़ु' बहुधा सुरुवातीला. 'ख़ु दो क्लामा लो श्कुले' म्हणजे तू शाळेत जातेस का? उत्तर 'गोहि' म्हणजे तेच, होय. 'ना गोहि' म्हणजे नाही. माहिती विचारायची तर रिकाम्या जागी 'मा' ठेवा: 'दो क्लामा मा', तू कुठे जातेस? 'मा दुन्दा लो शुक्ता दो', तुला पुस्तक कोणी दिलं? 'कोण, काय, कुठे, कुणाला' हे सगळे शब्द एकट्या 'मा'त मावतात, कारण प्रश्न कशाचा हे जागाच सांगते. सेल्ब्रिच माहीत नसेल तर 'मो': 'दो मो', तू काय करतेस, किंवा तू कोण.

आज्ञेसाठी 'दो'च्या जागी 'को' घाला. 'को ताव्ला मि', माझ्याशी बोल. 'को' कुठल्याही जागी चालतो, दोन जागीही: 'को कुर्झ़ि को', स्वतःची काळजी घे.

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक इंग्रजी पाठांत बराच वेळ समजावलेला असतो. तुम्ही तो भाग वाचू नका, तुम्हाला तो येतो. 'मिहा' म्हणजे आम्ही, समोरचा सोडून. 'मिहो' म्हणजे आपण दोघं. 'माहा' म्हणजे आपण आणि बाकीचेही.

शेजारी ठेवलेले शब्द

प्रुफात 'लहान मुलींची शाळा' असं आलं की मी समासात प्रश्नचिन्ह करते. लहान कोण, मुली की शाळा? 'छोट्या मुलींची शाळा' आणि 'छोटी मुलींची शाळा' यांत मराठी स्वतःच उत्तर देते, पण 'लहान'ला, 'सुंदर'ला विकार होत नाही, आणि तिथे लेखकाला विचारण्यावाचून इलाज नसतो.

लोजबानमध्ये शब्द शेजारी ठेवून जी जोडी बनते तिला 'तान्रु' म्हणतात, आणि तिची बांधणी नेहमी डावीकडून होते. 'श्मालु' लहान, 'निख़्लि' मुलगी:

श्मालु निख़्लि श्कुले: लहान मुलींची अशी शाळा. मुली लहान.
श्मालु निख़्लि बो श्कुले: मुलींची शाळा, आणि ती लहान.

'बो' आपल्या दोन्ही बाजूंचे शब्द आधी बांधून घेतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत होते. समासातलं माझं प्रश्नचिन्ह इथे दोन अक्षरांत सुटलं होतं.

तरी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोजबानविषयी गैरसमज इथेच होतो. या भाषेत रचना संदिग्ध नसते, अर्थ असू शकतो. 'गेर्कु ज़्दानि' ही तान्रु कुत्र्यासाठीचं घर, कुत्र्यासारखं दिसणारं घर, कुत्र्यांनी भरलेलं घर, काहीही असू शकते. ते घर आहे आणि कुत्र्याशी त्याचा काही संबंध आहे, एवढंच निश्चित. शाळेत तत्पुरुषाचा विग्रह करताना चतुर्थी की षष्ठी असा वाद घातलेल्याला हे कळायला अजिबात वेळ लागणार नाही. अर्थ पक्का करायचा असेल तर मूळ शब्दांची आखूड रूपं जोडून एक शब्द करतात: 'गेर्ज़्दा', कुत्र्याचं घर, आणि त्याच्या जागा कोशात ठरवलेल्या असतात. भाषेचं नावही असंच झालं: 'लोग्झ़ि'चं 'लोझ़', 'बान्गु'चं 'बान'.

पटकन उरकण्यासारखं

काळ सांगणं ऐच्छिक आहे. 'पु' भूत, 'शा' वर्तमान, 'बा' भविष्य, सेल्ब्रिच्या आधी: 'मि पु ताव्ला दो'. संदर्भावरून कळत असेल तर वगळा.

नकार 'ना'ने, तोही सेल्ब्रिच्या आधी. त्याखेरीज पायऱ्या आहेत: 'ति ख़ाम्गु' हे चांगलं आहे, 'ति ना ख़ाम्गु' हे चांगलं आहे असं नाही, 'ति नोहे ख़ाम्गु' बरंही नाही नि वाईटही नाही, 'ति तोहे ख़ाम्गु' हे वाईट आहे. 'आहे'साठी वेगळा शब्द नाही हे लक्षात आलं असेलच.

अंक: पा, रे, शि, वो, मु, ख़ा, ज़े, बि, सो, आणि शून्याला नो. मोठी संख्या म्हणजे अंक ओळीने म्हणत जायचे: 25 'रेमु', 58 'मुबि', 1997 'पासोसोज़े'. एकुणसाठ-अठ्ठावन्न नाही.

वाक्यात वाक्य

मराठीत 'तू बोलतेस' याचं 'तुझं बोलणं' होतं. लोजबानमध्ये हे काम 'नु' करतो, आणि आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं: 'मि नेल्शि लो नु दो ताव्ला', मला तुझं बोलणं आवडतं. पूर्ण वाक्य 'लो नु'च्या पोटात घालायचं, एका जागी बसवायचं, झालं. 'की'सारखं काही सांगायचं असेल तर 'दुहु': 'मि द्झ़ुनो लो दुहु दो ताव्ला', तू बोलतेस हे मला माहीत आहे. 'द्झ़ुनो'ची चौथी जागा 'हे ज्ञान कशाच्या आधारावर' याची आहे. शब्दकोशात ती जागा पहिल्यांदा पाहाल तेव्हा जरा थांबून तिचा विचार करा.

'जो-तो'साठी 'पोइ'. 'लो गेर्कु पोइ मि विस्का' म्हणजे मी पाहते तो कुत्रा, दुसरा नव्हे. त्याऐवजी 'नोइ' म्हटलंत तर 'कुत्रा, आणि हो, तो मला दिसतोय'. पहिल्यात ओळख पटवली आहे, दुसऱ्यात जाता जाता माहिती दिली आहे. मराठीत हा भेद स्वल्पविरामावर आणि वाचणाऱ्याच्या सुरावर सोडलेला असतो.

भावना आणि आधार

तर्काची भाषा म्हणजे कोरडी, असं समजून अनेकजण या भागाकडे येतच नाहीत. प्रत्यक्षात भावना दाखवणारे शब्द लोजबानमध्ये मोजून मापून आणि भरपूर आहेत. 'उइ' आनंद, 'उए' आश्चर्य, 'उहु' पश्चात्ताप, 'आहो' आशा, 'इइ' भीती, 'एहो' विनंती. वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तर भावना सगळ्या वाक्याची. एखाद्या शब्दानंतर ठेवला तर त्या शब्दाची. 'उइ मि क्लामा', मी जातेय याचा आनंद. 'मि उइ क्लामा', मी जातेय याचा आनंद, दुसरं कोणी नाही. 'शाइ' लावला की भावना टोकाची, 'रुहे' लावला की हलकी, 'नाइ' लावला की उलटी: 'उइ नाइ', दुःख.

त्यांच्याच शेजारी आधार सांगणारे शब्द आहेत. 'ज़ाहा' म्हणजे मी स्वतः पाहतेय. 'पेहि' म्हणजे माझं मत. 'झ़ाहो' म्हणजे मी अनुमान काढतेय. 'काहु' म्हणजे आपल्या संस्कृतीत सगळ्यांना ठाऊक असलेलं. आणि 'तिहे' म्हणजे ऐकीव. इंग्रजी पाठांत 'तिहे'साठी अख्खं उपवाक्य खर्ची पडतं. मराठीत तो शब्द आपण रोज वापरतो: 'तिहे दो क्लामा लो श्कुले', तू शाळेत जातेस म्हणे.

सराव

रोज तीन वाक्यं लिहा, स्वतःच्या दिवसातली. शब्द 'झ़्बोव्लास्ते' या कोशात शोधा, चौकटी उतरवून घ्या, आणि मग वाक्य 'शामख़ेस' या पार्सरला द्या. तो रचना उलगडून दाखवतो: कोणता शब्द कुणाला बांधला, कुठे काय संपलं. 'शु' राहिला असेल, तर दोन शब्द एकाच कंसात गेलेले तिथे लगेच दिसतात. पार्सर अर्थ तपासत नाही. घराने कुत्र्याला पुस्तक दिलं तरी तो मान डोलावेल. जागा योग्य माणसाला दिली की नाही, हे तुम्हीच चौकटीशी ताडून पाहायचं.

सुरुवातीला तीन गोष्टींना हात लावू नका. एक, 'कु', 'केइ', 'वाउ' असे शेवट दाखवणारे शब्द. बहुतेक वेळा ते गाळता येतात, आणि कुठे गाळता येत नाहीत हे लांब वाक्यं लिहू लागलात की पार्सरच शिकवेल. दोन, तर्कशास्त्रातले 'सर्व' आणि 'काही' यांची चलपदं. तीन, गणिती राशी लिहिण्याची पद्धत. जोडणारे शब्द मात्र लवकर घ्या, निदान दोन सुम्तिंमधला 'ए', म्हणजे 'आणि': 'मि ए दो', मी आणि तू. एका वाक्यानंतर दुसरं सुरू करताना 'इ' म्हणायचं, तोच पूर्णविराम.

वर आलेलं बरंचसं वापरणारं एक वाक्य देते. आधी सेल्ब्रि शोधा, त्याच्या तीन चौकटी काढा, मगच अर्थ लावा.

तिहे लो निख़्लि पु दुन्दा लो शुक्ता लो प्रेनु पोइ मि नेल्शि.

जमलं की हेच वाक्य 'फि'ने सुरू करून लिहा, म्हणजे घेणारा आधी येईल, आणि नंतर 'लो प्रेनु'च्या जागी 'मा' ठेवून त्याचा प्रश्न करा. 'पोइ'पासूनचा भाग प्रश्नात ठेवायचा की काढायचा, तेही ठरवा. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण विचारलं जातं ते वेगवेगळं.